गोळी पेंडीसारखं सरपण

ज्यांच्या दावणीला गाय-म्हैस आहे त्यांना गोळी पेंड सांगायला नको. पेन्सिलीएवढी जाड, बोटाच्या पेराएवढी लांब, पोत्यात हात घातला की खळखळ वाजणारी. मागे एकदा मी तसल्याच दिसणाऱ्या गोळ्यांची पिशवी चौथीच्या वर्गात नेली आणि काही न सांगता प्रत्येकाच्या तळहातावर दोन-दोन ठेवल्या. "खायचं नाही, नुसतं ओळखायचं," एवढंच म्हटलं.

मग काय, उत्तरांचा पाऊस! कुणी म्हणालं पेंड, कुणी म्हणालं कोंबड्यांचं खाद्य, एकानं तर ठामपणे खत म्हणून सांगितलं. शेवटी मागच्या ओळीतल्या एका मुलीनं गोळी नाकाशी नेली आणि म्हणाली, "गुरुजी, ह्याला सुताराच्या दुकानासारखा वास येतोय."

शंभर टक्के बरोबर! ते लाकूडच होतं. भुसा करून, वाळवून, दाबून केलेलं लाकूड. ह्याला म्हणतात पेलेट. हे जनावरांना घालायचं नसून बॉयलरला घालायचं. आणि गंमत म्हणजे पोरांनी पेंड ओळखली ती काही अगदीच चुकीची नव्हती. पेंडीच्या गोळ्या पाडणारं यंत्र आणि ह्या गोळ्या पाडणारं यंत्र ही सख्खी भावंडं आहेत. जनावरांच्या खाद्याचं यंत्र आधी आलं. १९७०च्या दशकात जगभर तेल महाग झालं, तेव्हा अमेरिकेतल्या लोकांनी त्याच यंत्रात पेंडीऐवजी लाकडाचा भुसा घालून बघितला.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या मोडनिंबात बॉयलर कुठला? बोरांचा बाजार आहे, पुणे-सोलापूर रस्ता आहे, स्टेशन आहे. थांबा, त्या स्टेशनावरच जाऊ.

आपल्या दारातली वाफ

आज मोडनिंब स्टेशनावर मोठी गाडी येते. पण तुमच्या आजोबांना विचारा, ते 'बार्शी लाइट' म्हणतील. दोन रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट! एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ही रेल्वे आखली. १८९७ साली ती बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, इथून बार्शी गावापर्यंत धावली. १९०६ साली तिचा फाटा पंढरपूरला पोचला आणि त्याच वाटेवर आपलं गाव लागलं. १९११ साली ती लातूरला गेली आणि १९२७ साली मिरजेला. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर.

कॅलथ्रॉपचं डोकं असं की रूळ हलके वापरायचे असतील तर गाडीचं वजन कुठल्याच एका चाकावर जास्त पडता कामा नये. म्हणून त्यानं नियमच केला, एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार नको. इंजिनाचं वजन मग पुष्कळ चाकांवर वाटून दिलं. इंग्लंडातल्या लीड्स गावच्या किटसन कंपनीनं केलेल्या पहिल्या इंजिनांना एकमेकांना जोडलेली आठ चाकं होती, शिवाय मागं चार वेगळी. आषाढी-कार्तिकीला ही बुटकी इंजिनं वारकऱ्यांनी ओसंडून वाहणारे डबे ओढत पंढरपूरला नेत. १९५४ साली सरकारनं ही रेल्वे विकत घेतली. पुढे डिझेल इंजिनं आली, मग रूळ रुंद झाले आणि छोटी गाडी गेली. आमच्या गल्लीतले एक आजोबा सांगतात, "खिडकीतनं डोकं भाईर काढलं की डोळ्यात कोळशाची कणी गेलीच म्हणून समजा."

त्या इंजिनाचं पोट म्हणजेच बॉयलर. आजही सोलापुरात चादरी-टॉवेलांचं सूत रंगवायला वाफ लागते. दूध डेअरीत दूध तापवायला, दवाखान्यात चादरी आणि हत्यारं निर्जंतुक करायला, मोठ्या मुदपाकखान्यात भात शिजवायला वाफच लागते. हे सगळे छोटे बॉयलर. आणि ह्यातल्या प्रत्येकाला रोज एकच प्रश्न पडतो: आज जाळायचं काय?

एक किलो पाण्याचा हिशेब

स्वयंपाकघरात चला. आईनं कुकर लावलाय. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांच्या वर तापत नाही, किती का जाळ लावा. पण कुकरचं झाकण घट्ट असतं आणि वर शिट्टीचं वजन असतं. आत वाफ कोंडते, दाब वाढतो आणि पाणी साधारण १२० अंशांपर्यंत तापतं. म्हणून डाळ लवकर शिजते. कुकर म्हणजे घरातला बॉयलरच. दनी पापँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १६७९ साली पहिलं असलं भांडं केलं, आणि ते फुटू नये म्हणून जादा वाफ सोडणारी झडपही त्यानंच बसवली. आपल्या कुकरची शिट्टी म्हणजे त्या झडपेची नातच म्हणा.

आता बघा. ३० अंशांचं एक किलो पाणी १०० अंशांवर न्यायला ७० किलोकॅलरी उष्णता लागते. पण १०० अंशांच्या त्याच पाण्याची वाफ करायला आणखी ५४० लागतात! तापमान एका अंशानंसुद्धा वाढत नाही, तरी एवढी उष्णता गडप होते. ती जाते कुठे? वाफेच्या पोटात. वाफ थंड झाली की ती सगळी परत देते. म्हणून तर गरम पाण्यापेक्षा वाफेचा चटका वाईट. आणि म्हणूनच कारखानदार नळीतून गरम पाणी न नेता वाफ नेतात. थोडक्यात पुष्कळ उष्णता पोचते.

म्हणजे एक किलो वाफेला झाले ६१० किलोकॅलरी. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढं लागणार आहे.

चांगल्या वाळलेल्या गोळ्या किलोमागे सुमारे ४००० किलोकॅलरी देतात. त्यातली साधारण पाव भाग उष्णता चिमणीतून आणि बॉयलरच्या अंगातून बाहेर जाते असं धरू. उरल्या ३०००. भागिले ६१०. उत्तर आलं जवळजवळ ५. म्हणजे एक किलो गोळ्या जाळल्या तर पाच किलो पाण्याची वाफ.

आता त्याऐवजी ताजं तोडलेलं ओलं लाकूड घ्या. त्यात १०० ग्रॅममधले ४० ग्रॅम नुसतं पाणीच असतं. बिचाऱ्या सरपणानं आधी स्वतःचंच पाणी तापवायचं, त्याची वाफ करून चिमणीवाटे सोडायची, आणि मग उरली तर उष्णता बॉयलरला द्यायची. त्यातून मिळतात किलोमागे २४००च्या आसपास. शिवाय ओल्या लाकडाचा जाळ धुपतो, नीट पेटत नाही, त्यामुळे वाया जाणारी उष्णताही जास्त. शंभरातले ६० हाती लागले तरी नशीब. करा भागाकार. अडीच किलो वाफसुद्धा होत नाही. गोळीच्या निम्मी! पावसाळ्यात ओल्या सरपणावर चूल पेटवताना आजीच्या डोळ्यांतून पाणी का यायचं, ते आता आकड्यांत कळलं ना?

डिंकाशिवाय चिकटलेली गोळी

माझ्या वर्गातला सगळ्यात चांगला प्रश्न असा होता: "गुरुजी, ह्यात फेव्हिकॉल घालतात का?"

नाही घालत. लाकडात स्वतःचाच एक डिंक असतो, त्याला लिग्निन म्हणतात. झाड ताठ उभं राहतं ते ह्याच्यामुळे. हा डिंक गार असताना कडक, पण तापला की मऊ पडतो. भुसा आधी बारीक करतात. मग ओल १० ते १५ टक्क्यांवर येईपर्यंत वाळवतात. मग तो एका जाड पोलादी चकतीवर पडतो. चकतीला शेकडो भोकं, साधारण ६ ते १० मिलिमीटरची. वरून जड रूळ फिरतात आणि भुसा त्या भोकांत कोंबतात. शेवया पाडायचा सोऱ्या डोळ्यासमोर आणा, पण पीठ सैल नसून कोरडं, आणि सोऱ्या फिरवायला वीस-तीस घोड्यांची ताकद. घासून घासून भुसा इतका तापतो की लिग्निन मऊ होतं. भोकातून बाहेर पडलेली गोळी गरम आणि नाजूक असते. गार झाली की टणक आणि चकचकीत.

ओल फार कमी झाली तर गोळी भुगा होऊन पडते आणि फार जास्त झाली तर वाफेनं फुटते. भाकरीच्या पिठासारखंच आहे, पाणी कमी झालं तरी भाकरी चिरते, जास्त झालं तरी थापता येत नाही. हे ज्याला जमलं त्याचा कारखाना चालला.

एवढा उपद्व्याप कशाला, भुसा तसाच जाळला तर? त्याचं उत्तर उसाच्या फडात आहे. सुटं पाचट ट्रॉलीत भरून बघा. ट्रॉली शिगोशीग भरते आणि वजन मात्र काहीच नाही. एका घनमीटर जागेत पाचट १०० किलोसुद्धा बसत नाही, गोळ्या ६०० किलोंच्या पुढं बसतात. ट्रॅक्टरनं हवा वाहून न्यायची की सरपण, एवढाच तो प्रश्न.

ह्या गोळीचा एक थोरला भाऊही आहे. मनगटाएवढ्या जाड कांड्या असतात, त्यांना आपल्याकडं 'पांढरा कोळसा' म्हणतात. रंगानं पांढरा नसतो, भुरा असतो, पण नाव पडलंय. जिथं माणूस हातानं जाळ घालतो तिथं कांड्या सोयीच्या. जिथं यंत्र जाळ घालतं तिथं गोळ्या. कारण गोळी ज्वारीसारखी वाहते. वरच्या डब्यातून खाली येते, एक फिरता स्क्रू ती मोजून मोजून पुढं ढकलतो आणि पंखा वारा घालतो. वाफेचा दाब पुरेसा झाला की स्क्रू थांबतो, कमी झाला की पुन्हा फिरतो. आजी फुंकणीनं हळूहळू फुंकर घालायची आणि काटक्या एकेक सरकवायची, तेच काम.

"आधी पाणी बघायचं"

सोलापुरातल्या एका रंगाईच्या कारखान्यात बॉयलर सांभाळणारे एक काका मला भेटले. बॉयलर चालवायला परीक्षा पास व्हावी लागते, आपल्या राज्यात बाष्पके संचालनालय ती घेतं. काकांनी कित्येक वर्षं लाकडावर काढली, मग कांड्यांवर, आता गोळ्यांवर.

मी विचारलं, सोपं झालं का काम?

"सोपं झालं, पर निराळं झालं," ते म्हणाले. "पयल्यांदा मालकानं जुन्याच भट्टीत गोळ्या वतायला लावल्या. जाळीच्या फटीतनं निम्म्या खाली राखेत! आन वर ज्या ऱ्हायल्या त्येंचा थर इतका दाट की वाराच लागंना. काळा धूर. मग जाळी बदलली, बारीक भोकाची घातली. थर पातळ ठेवायचा, खालनं थोडा वारा, वरनं जास्त. मग बगा कसा पिवळाधमक जाळ लागतो."

छोट्या बॉयलरवाल्यांची सगळी मेख काकांच्या ह्या चार वाक्यांत आली. लाकूड जळताना त्यातून आधी वायू बाहेर पडतो, आणि ज्योत दिसते ती त्या वायूची. लाकडातला बराचसा दम त्या वायूतच असतो. त्याला वरून ताजी हवा मिळाली नाही तर तो न जळताच काळा धूर होऊन निघून जातो. धूर म्हणजे पैसे चिमणीतून उडून चाललेत. शेजारच्या घरांत खोकला होतो तो वेगळाच.

आणि धोका? ते सांगताना काकांचा आवाज बदलला. "गुरुजी, म्या कामावर आलो की आधी पाणी बघायचं. जाळ मागनं. काचंच्या नळीत पाणी दिसंना तर जाळाला हात लावायचा न्हाई."

का, ते समजून घ्या. छोट्या बॉयलरात बऱ्याचदा दर चौरस सेंटिमीटरला १० किलोच्या आसपास दाब असतो. म्हणजे तुमच्या करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर १० किलोचं पोतं. आणि आतली वाफ १८० अंशांच्या वर. धातूच्या नळ्यांभोवती पाणी असतं म्हणून नळ्या लाल होत नाहीत. पाणी उतरलं की त्या उघड्या पडतात, तापतात, मऊ होतात. आणि तेवढ्यात कुणी घाबरून गार पाणी सोडलं तर मग विचारूच नका.

१८६३ साली कलकत्त्यात एक बॉयलर फुटून माणसं दगावली. त्यानंतर १८६४ साली बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. पुढं १९२३ साली सबंध देशासाठी कायदा आला. तो शंभर वर्षांहून जास्त चालला आणि २०२५ साली त्याच्या जागी नवा आला. २५ लिटरपेक्षा मोठा बॉयलर नोंदवल्याशिवाय आणि तपासल्याशिवाय चालवता येत नाही. म्हणून मुलांनो, यूट्यूबवर बघून डब्याचा बॉयलर करायचा बेत कुणाच्या डोक्यात असेल तर तो इथंच सोडा. वाफेचं इंजिन बघायची हौसच असेल तर जत्रेत पत्र्याची बोट मिळते ना, वातीवर टुकटुक करत परातीतल्या पाण्यात फिरणारी? तिच्या पोटात चिमुकला बॉयलरच असतो. त्याची नळी मागं उघडी असते म्हणून दाब साठत नाही. मोठं माणूस जवळ असताना ती खुशाल चालवा.

गोळ्यांचे स्वतःचेही दोन-तीन नखरे आहेत. लाइट गेली की पंखा बंद, स्क्रू बंद, आणि आतला जाळ उलटा नळीतून गोळ्यांच्या डब्याकडं सरकू शकतो. म्हणून चांगल्या यंत्रात मध्ये झडप असते. दुसरं, गोळ्यांचा मोठा साठा बंद खोलीत ठेवला तर त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू हळूहळू निघतो. वास नाही, रंग नाही. परदेशात जहाजांच्या बंद कोठारांत उतरलेली माणसं ह्यानं मेलेली आहेत. कोठाराला खिडक्या हव्यातच. आणि तिसरं म्हणजे पाणी. हे तुम्ही घरी करून बघू शकता. एक गोळी पेल्यातल्या पाण्यात टाका आणि थोडा वेळ दम धरा. ती फुगते, फुटते आणि शेवटी पेल्याच्या तळाशी नुसता भुसा उरतो. वळवाच्या एका सरीत गोदामाचं छप्पर गळलं तर कारखानदाराचं काय होत असेल!

कडबा जाळायचा का?

आता खरा प्रश्न. गोळ्या करायच्या कशाच्या?

थंड देशांत सुतारकामाचा आणि लाकूड कापायच्या गिरण्यांचा भुसा डोंगराएवढा पडतो. आपल्या सोलापूर जिल्ह्यात जंगल कुठं? इथं आहे ऊस, ज्वारी, तूर, डाळिंब, द्राक्ष, बोर आणि वेडी बाभूळ. चला, एकेक घेऊ.

उसाचा भुस्सा, ज्याला कारखान्यात बगॅस म्हणतात, तो साखर कारखाने स्वतःच जाळतात. एक टन ऊस गाळला की पावणेतीनशे-तीनशे किलो बगॅस निघतो, निम्मा ओला. त्यावर आपल्या पिंपळनेरच्या कारखान्यासारखे सगळे कारखाने वाफ करतात. तिथं गोळ्या करायची गरजच नाही, कारण भट्टी आणि भुस्सा एकाच आवारात.

ज्वारीचा कडबा? माझं स्पष्ट मत सांगतो, कडब्याला हात लावायचा नाही. आपला जिल्हा दुष्काळाचा. २०१२-१३ साली आणि पुन्हा २०१८-१९ साली आपल्याकडं चारा छावण्या उभ्या राहिल्या होत्या. पेंढीपेंढीसाठी लोक फिरत होते. कडब्याला बॉयलरनं चांगला भाव दिला तर तो गोठ्यातून उठून कारखान्यात जाईल आणि त्या वर्षी पाऊस आला नाही तर जनावरांनी काय गोळ्या खायच्या?

पाचटाचं जरा अवघड आहे. ऊस गेल्यावर एकरी तीन-चार टन पाचट रानात पडून राहतं आणि पुष्कळ लोक काडी लावून मोकळे होतात. संध्याकाळी मोडनिंबच्या रस्त्यावरून जाताना तो धूर तुम्हीही गिळला असेल. जाळण्यापेक्षा गोळ्या करणं केव्हाही चांगलं. पण त्याहून चांगलं म्हणजे पाचट सरीत दाबून कुजवणं. जमिनीत ओल टिकते, गांडुळं वाढतात, खत कमी लागतं. माझे शेतकरी पालक ह्यावर माझ्याशी वाद घालतात. म्हणतात, "गुरुजी, तुमचं बरोबर हाय, पर पाचटात उंदरं व्हत्यात आन पाणी पुढं सरकत न्हाई." त्यांचंही खोटं नाही. ज्याला कुजवायला जमत नाही त्यानं निदान विकावं, काडी लावू नये.

राहिल्या तुरीच्या काड्या, डाळिंब-द्राक्षाच्या छाटणीच्या फांद्या आणि वेडी बाभूळ. माझ्या मते आपल्या भागातलं खरं सरपण हे. तूर काढली की काड्या काही चुलीत जातात, बाकी बांधावर पडतात. छाटणीच्या काटेरी फांद्या शेतकरी जाळूनच टाकतात. आणि वेडी बाभूळ तर बोलावलेली नसताना आलेली पाहुणी. परदेशातलं झाड, गायरानं, ओढे, नदीकाठ सगळीकडं पसरलंय. तोडलं की पुन्हा फुटतं. लोक तिचा कोळसा पाडतात. पण कोळसा पाडताना लाकडातला तो वायू वाया जातो, गोळीत तो शिल्लक राहतो.

शेतातल्या काडीत मात्र एक गोम आहे. सालीशिवायच्या स्वच्छ लाकडाची राख १०० किलोंमागे किलोभरसुद्धा होत नाही. काडी-पाचटाची पाच-दहा किलो होते, भाताच्या तुसाची तर वीसच्या घरात. शिवाय काडीच्या राखेत पोटॅश आणि वाळू असते. ती भट्टीच्या धगीला वितळते आणि गार झाली की काचेसारखे खडे होतात. वीटभट्टीत जास्त भाजून चिकटलेल्या विटांचा खंगर बघितलाय ना? तसंच. बॉयलरवाले त्याला क्लिंकर म्हणतात. ह्यानं जाळीची भोकं बुजतात आणि पहारीनं ठोकून काढायला लागतात. "काडीच्या गोळ्या आल्या की आमी वासावरनं वळखतो," काका म्हणाले, "त्या दिवशी पहार जवळ घिऊनच बसायचं."

झाडाचा धूर आणि दगडी कोळशाचा धूर

पाचवी-सहावीतली मुलं विचारतात, धूर तो धूर. लाकूड जाळा नाहीतर दगडी कोळसा, कार्बन डाय-ऑक्साइड होणारच ना?

होणार. पण दोन्हींचं वय बघा. आपल्या चंद्रपूरकडचा दगडी कोळसा २५ कोटी वर्षांहून जुन्या झाडांचा. तेव्हापासून जमिनीत गाडलेला कार्बन आपण एका दिवसात वर सोडतो. तुरीच्या काडीतला कार्बन गेल्या पावसाळ्यात हवेतूनच आलेला असतो. जाळली की तिथंच परत जातो, आणि पुढच्या तुरीत पुन्हा येतो.

ह्याच हिशेबानं केंद्र सरकारनं २०२१ साली कोळशाच्या वीजकेंद्रांना शेतातल्या काडीकचऱ्याच्या गोळ्या थोड्या प्रमाणात, साधारण ५ टक्के, कोळशात मिसळायला सांगितलं. आता ५ टक्के ऐकायला थोडं वाटतं. पण आपल्या जिल्ह्यातलं फताटेवाडी-आहेरवाडीचं एनटीपीसीचं केंद्र केवढं आहे? १३२० मेगावॅटचं. असल्या राक्षसाचे पाच टक्के म्हणजे सुद्धा डोंगर. मग माझ्या मनात येतं, सगळ्या गोळ्या मोठ्यांनीच ओढून नेल्या तर सोलापूरच्या छोट्या रंगाईवाल्यानं काय करायचं? त्याला परवडलं नाही की तो पुन्हा बांधावरचं लिंबाचं झाड विकत घेणार, नाहीतर चिंध्या आणि प्लास्टिक भट्टीत टाकणार. तो धूर तर सगळ्यात वाईट.

आणि हिशेब चुकतो कसा, तेही ऐका. इंग्लंडात ड्रॅक्स नावाचं मोठं वीजकेंद्र आहे. तिथं कोळसा बंद करून गोळ्या सुरू केल्या. वर्षाला लाखो टन गोळ्या जहाजांतून अमेरिकेहून येतात. त्यावर तिकडं मोठा वाद चालू आहे, कारण नुसत्या भुशावर एवढं भागत नाही, उभ्या जंगलातलंही लाकूड जातं. तुरीची काडी सहा महिन्यांत परत येते. चाळीस-पन्नास वर्षांचं झाड परत यायला चाळीस-पन्नास वर्षंच लागतात. गोळी तीच, पण पोटात काय आहे त्यावर सगळं.

मग अशा गोळ्यांवर आपली बार्शी लाइट धावली असती का? हा प्रश्न मला वर्गात विचारला गेला आणि मी खूश झालो, कारण असला प्रयोग खरंच झालाय. अमेरिकेत मिलवॉकी शहराच्या प्राणिसंग्रहालयात मुलांना फिरवणारी वाफेची छोटी आगगाडी आहे, तिचे रूळ तर आपल्याहून अरुंद, फक्त १५ इंचांचे. २०१०च्या दशकात तिच्या इंजिनात दगडी कोळशाऐवजी भाजलेल्या लाकडाचं इंधन घालून बघितलं. भाजलेलं म्हणजे काय? शेंगदाणे भाजतो तसं. हवा न लागू देता लाकूड २०० ते ३०० अंशांवर भाजायचं. ते तपकिरी-काळं होतं, ठिसूळ होतं, वजनाच्या मानानं जास्त उष्णता देतं, आणि साध्या गोळीसारखं पाण्यात लगेच विरघळत नाही. इंजिनाची भट्टी न बदलता ते कोळशासारखं फावड्यानं घालता आलं.

बार्शी लाइटच्या इंजिनात मात्र साध्या गोळ्या घातल्या असत्या तर काकांच्या जुन्या भट्टीसारखीच गत झाली असती. इंजिनाची चिमणी जोरानं वारा ओढते, त्या ओढीनं हलका इंधनाचा कण न जळताच नळ्यांतून उडतो आणि ठिणगी होऊन बाहेर पडतो. पूर्वी लाकडावर चालणाऱ्या इंजिनांच्या चिमण्यांना म्हणून वर जाळी बसवत, नाहीतर रुळाकाठची गवताची गंज पेटायची.

जाता जाता राखेचं सांगायचं राहिलं. काका राख फेकत नाहीत. स्वच्छ लाकडाची आणि काडीची राख ते वेगळ्या पोत्यांत भरतात. आसपासचे शेतकरी ती नेतात आणि मळ्यात टाकतात, कारण तुरीनं जमिनीतून उचललेलं पोटॅश त्या राखेतच असतं. क्लिंकरचे खडे तेवढे चाळून बाजूला काढावे लागतात. ते काम काकांचा मदतनीस करतो, आणि चाळण म्हणून वापरतो तीच जुनी जाळी, जिच्यातून पहिल्या दिवशी निम्म्या गोळ्या खाली पडल्या होत्या.